लाल पेन्सिलीने न काढलेली वाट

प्रिय व्हर्ना,

तळ्याचा तो हुंकार अजून माझ्या कानात आहे. मी बर्फगाडीचं इंजिन बंद केलं आणि सगळीकडे इतकं शांत झालं, की तुझ्या कोटाच्या बाहीची सळसळही ऐकू आली. मग पायांखालच्या गोठलेल्या पाण्यातून तो आवाज उठला, या काठापासून त्या काठापर्यंत लांबत गेला. तू माझा दंड असा धरलास की चार दिवस वळ होता. "घाबरू नकोस, तळं कूस बदलतंय," मी म्हणालो. तू म्हणालीस, "हे तुझं, की शाळेत पाठ केलेल्या कवितेतलं?" मी नुसता हसलो. सत्तेचाळीस वर्षांनी सांगतो, माझं होतं. बाईंनी छडी घेऊन पाठ करून घेतलेल्या साऱ्या कविता मला अजून येतात, पण स्वतःची अशी ती एकच ओळ.

सकाळपासून हे चौथं पत्र. आधीची तीन शेगडीत गेली. दोन ओळी लिहितो, उठतो, खिडकीपाशी जातो, डोंगर तिथेच आहे ना बघतो, परत येतो. नाताळाच्या कार्डावर तुला हवापाणी कळवणं सोपं असतं. हे तसं नाही.

आपल्या तळ्याची सगळी दरी, खिंडीपासून पार वरच्या कड्यापर्यंत, राखीव रान करायचं घाटतंय. कायद्याने कायमचं. मग तिथे इंजिन नाही, सायकलसुद्धा नाही, वाटेवर झाड पडलं तर यंत्राची करवत नाही. चालत जा, नाहीतर घोड्यावर जा. कागदावर हे किती सुंदर दिसतं ठाऊक आहे? मलाही क्षणभर भुरळ पडली. पण तळ्यापर्यंत अकरा मैल आहेत, व्हर्ना. इथल्या शाळेत विज्ञान शिकवणारी कॅरिन राखीव रान मागणाऱ्यांची पुढारी. पोरगी चांगली आहे. मार्था गेली आणि बायकोवाचून मी घरात एकटा उरलो, त्या हिवाळ्यात रोज माझ्या दारातला बर्फ तीच काढायची. परवा दुकानात भेटली. म्हणाली, "ऑर्विल, तळं आहे तसं राहावं, एवढंच मागतोय आम्ही." मी म्हटलं, "अगं, ते आहे तसं राहिलंय कुणामुळे? तळ्यावरच्या खोपटाचं छप्पर कुणी शाकारलं? दरवर्षी वाटेवरची झाडं कोण कापतं? दोन वर्षांपूर्वी वाट चुकलेली ती दोन मुलं कुणी गाडीवर घालून खाली आणली?" तर म्हणते, "तुम्हीच. पण कायदा सगळ्यांना सारखा, चालत जायचं." "माझे गुडघे कायद्याने नाही बनवले," मी म्हटलं, "स्पोकेनच्या डॉक्टरने बनवलेत, आणि त्याने मैलभराचीच हमी दिलीय." दुकानातले सगळे हसले. तीही हसली. घरी येईपर्यंत माझं हसू मात्र उतरलं होतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला चालत जा म्हणणं म्हणजे जाऊ नकोस म्हणणंच झालं. सरकारी जमीन सगळ्यांची म्हणतात. मग म्हातारे त्या सगळ्यांत येत नाहीत का?

उद्या शाळेच्या सभागृहात सुनावणी आहे. ज्याला बोलायचंय त्याला तीन मिनिटं. जिथे आधीपासून गाडीची वाट आहे ती जागा राखीव करता येत नाही; मग ही दरी राखीव करायला मुख्य आधार कशाचा, सांगू? तुझ्या नकाशाचा. "या दरीत कधीच वाट नव्हती," असं त्यांच्या कागदात पहिल्याच पानावर आहे, आणि खाली सत्त्याहत्तर सालच्या पाहणीचा दाखला.

आठवते ती संध्याकाळ? वनखात्याची चोवीस वर्षांची पोरगी, काखेत नकाशाची गुंडाळी, हातात रंगीत पेन्सिलींचा डबा, आणि समोर कॉफी पीत बसलेले आम्ही वीसेक बिलंदर. "ज्याला जी वाट ठाऊक असेल, ती त्याने लाल पेन्सिलीने काढावी," तू म्हणालीस. कोण काढतोय! आपली शिकारीची, मासेमारीची जागा नकाशावर गेली की पुढच्या हंगामात शहरातले लोक हजर. ज्याने त्याने दुसऱ्याच्या जागा दाखवल्या. ग्लेनच्या बापाने तर सासूच्या घरापर्यंतचा रस्ता ठळक लाल करून दिला. "तिथे खुशाल जाऊ द्या लोकांना," म्हणाला. आणि तळ्याची वाट? खाणवाल्यांनी यंत्रांनी खोदलेली, उन्हाळ्यात जीप सहज जाईल एवढी रुंद. पेन्सिल माझ्यासमोर आली आणि मी ती तशीच पुढे सरकवली.

आठवड्याने तू ऑफिसात मला बोलावून घेतलंस. "ऑर्विल, वाट आहे. मी स्वतः तुझ्या मागे बसून तिच्यावरून गेलेय." मी म्हटलं, "आहे. पण कागदावर नको. ती आपली राहू दे." 'आपली' म्हणताना माझ्या मनात गाव होतं की आपण दोघं, ते तेव्हा कळलं नाही, नंतर कळलं, तोवर तू ओरेगॉनला गेली होतीस. तू लाल पेन्सिल डब्यात ठेवलीस, त्या दरीवर 'वाट नाही' असं लिहिलंस आणि खाली सही केलीस. पुढे तीस वर्षं तू चोख नोकरी केलीस. तुझे नकाशे नव्या लोकांना नमुना म्हणून दाखवतात, हे कॅरिननेच मला सांगितलं. तिला काय माहीत!

लोकांपासून वाचवायला जी वाट लपवली, ती लपवल्यामुळेच आता जाणार. आम्ही इतके शहाणे, की स्वतःला कागदावरून खोडून मोकळे झालो.

मंगळवारी बर्फगाडीवाल्यांच्या मंडळाची बैठक झाली. अध्यक्ष आता ग्लेन. बापासारखाच, आवाजाने अर्धं भांडण जिंकणारा. म्हणाला, "नकाशाच खोटा ठरवायचा. ती बाई जागेवर गेलीच नाही, ऑफिसात शेगडीपाशी बसून रंग भरत बसली. नाव घेऊन सांगायचं. मेलीबिली असेल एव्हाना, नाहीतर काय करणार आहे ती?" सगळ्यांनी माना हलवल्या. "ऑर्विल, तू त्या वेळचा आहेस, तू शपथेवर सांग," तो म्हणाला. आणि मी, व्हर्ना, टोपी हातात फिरवत बसलो. तेव्हापासून घरात एका जागी बसवत नाही.

खरं सांगितलं तर वाट वाचेल. पण सही तुझी आहे. लोक म्हणतील, सरकारी बाईने एका गड्यासाठी खोटं लिहिलं. गप्प राहिलो तर ग्लेन तुला आळशी ठरवणार, आणि मी शेजारी बसून ऐकणार.

हे पत्र तुला मिळेल तोवर माझी तीन मिनिटं होऊन गेलेली असतील. मी सांगणार आहे की वाट होती, आणि वनखात्याच्या त्या बाईंना मी फसवलं. त्यांना वर नेतो म्हणालो आणि नेलं नाही. तिथे नुसती झुडपं आहेत असं शपथेवर सांगितलं, त्यांनी विश्वास ठेवला. तेव्हा खोटं बोललेल्या माणसाचं आता कोण ऐकणार, असं कॅरिनची माणसं विचारतील, आणि त्यांचं चुकणार नाही. वाट बहुधा जाईलच. पण एखादा वर्तमानपत्रवाला तुझ्याकडे आला तर तूही एवढंच सांग: मी त्या तळ्यावर कधी गेले नाही. तळ्यावरची माझी ती दुपार तेवढी खोड. लेखी मागतोय, कारण तोंडाने मला हे मागता आलं नसतं.

तुझाच,
ऑर्विल

ता. क. पाकीट चिकटवायला घेतलं तर बाहेर गाडी थांबली. टपालवाला असेल म्हणून खिडकीशी गेलो. गाडीला ओरेगॉनची पाटी आहे. एक बाई काठी टेकत, निसरड्या पायऱ्यांना शिव्या देत वर येतेय, काखेत कागदाची गुंडाळी. सुनावणीची नोटीस तुलाही गेली असणार, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तू कुठल्या बाजूने बोलायला आली आहेस, व्हर्ना? थांब, कडी जरा घट्ट आहे, उघडतो.