मुकादमाचा हात

७ एप्रिल. सकाळी ७.
आजपासून रोज पाचला उठणे. आज साडेसहा झाले, पण आजचा दिवस धरायचा नाही.
घरातली पहिली पदवीधर म्हणून माझ्यावर जबाबदारी आहे. अम्मीच्या मते जबाबदारी म्हणजे आधी पाणी भरणे. भरलं.

दुपारी. फटाक्यांच्या कारखान्यात माझा तापमानाचा सेन्सर बसला. वाळवणाच्या खोलीत, म्हणजे दारू भरलेला माल जिथे ट्रेमध्ये वाळतो तिथे. वायर शंभर फुटांवरच्या कचेरीत, माझ्या कॉम्प्युटरपर्यंत. आतली डिग्री पडद्यावर दिसते. चाळीस झाली की भोंगा. मैत्रिणी पुण्याला गेल्या, मी तेरखेड्यातच कॉम्प्युटर सांभाळायची नोकरी घेतली, त्याचं कारण हेच. गावाला माझा उपयोग आहे.

अब्बा त्या खोलीचे मुकादम. सव्वीस वर्षं दर तासाला पत्र्याच्या दाराला उलटा हात लावतात. 'तापलं' म्हणाले की सगळे ट्रे बाहेर सावलीत. आज त्यांना समजावलं, हात म्हणजे मोजमाप नव्हे. त्यांनी विचारलं, मग आता लावायचाच नाही का? मी म्हटलं, नाही. त्यांनी हाताकडे जरा बघितलं. ट्रे उचलणाऱ्या गौराबाई मध्येच म्हणाल्या, "दादामियाँ, आता हात खिशात ठिवा. लेकीनं डोळा बसवलाय." सगळे हसले. बदलाला विरोध होणारच.

९ एप्रिल.
लाइट जाऊन आली, पण सेन्सरचा आकडा येईपर्यंत पडदा कोरा. नेमके कारखान्याचे मालक शिवलिंगप्पा शेठ पाहुण्यांना घेऊन आले होते. कोरा पडदा बरा दिसत न्हाय म्हणाले. प्रोग्रॅममध्ये चार ओळी घातल्या: नवा आकडा आला नाही तर शेवटचा आकडा दाखव. कॉम्प्युटर बंद होऊन चालू झाला तरी तोच दाखव. शेठ खूश.
पाचला उठणे: नाही.

१२ एप्रिल.
येरमाळ्याची यात्रा, निम्मे कामगार सुट्टीवर. माझं खरं काम सुरू केलं. भोंग्याचा प्रोग्रॅम एका छोट्या सर्किट बोर्डात भरायचा, म्हणजे कॉम्प्युटरच लागणार नाही. बोर्ड आला, तो भरायची केबल आली. केबल चालेना.
कारण समजलं. कॉम्प्युटरच्या आत कर्नल असतो, आतला मुकादम. प्रत्येक वस्तूला त्याचा हात लागल्याशिवाय काम होत नाही. या केबलसाठी त्याला वेगळं मॉड्यूल, म्हणजे प्रोग्रॅमचा जोडतुकडा, लागतं. मुकादम अपडेट झाला आणि जुनं मॉड्यूल त्याला चालेना. नवं बनवलं, परत अपडेट, परत बंद.

१५ एप्रिल. सकाळी ८.
सापडलं! मॉड्यूलची गरजच नाही. यूजरस्पेस ड्रायव्हर: आपला प्रोग्रॅम थेट केबलशी बोलतो, मुकादमाला विचारायचं नाही. वाचून अंगावर काटा आला. सामान्य माणसाने मधल्या माणसाशिवाय आपलं काम करणे, हीच तर लोकशाही.
फक्त एक ओळ लिहावी लागते. 'या नंबरची वस्तू जोडली गेली की मुकादमाने हात काढून घ्यावा.' लिहिली. माहितीच्या पानावर तळाला सूचना होती की हा नंबर आतल्या चिपचा असतो, बऱ्याच वस्तूंमध्ये तीच चिप असते, म्हणून केबलचा स्वतःचा सिरीयल नंबरही ओळीत घाला. माझ्याकडे केबल एकच आहे. घातला नाही.
११ वाजता. बोर्डावरचा हिरवा दिवा लुकलुकला. अब्बांना बोलावून दाखवला. बराच वेळ बघत होते. आता तो काय करतो, असं विचारलं. मी म्हटलं, लुकलुकतो.

१६ एप्रिल.
सकाळी लाइट गेली, आली. कॉम्प्युटर नीट सुरू झाला. पडद्यावर ३१.४. शेठ आले तेव्हा पडदा कोरा नव्हता. चार ओळींचं चीज झालं.

१९ एप्रिल.
खोलीच्या छतावर चुना मारून घेतला, कल्पना माझी. बाहेर ४०. आत ३१.४. चुन्याची कमाल.

२२ एप्रिल.
बाहेर ४१. आत ३१.४. दुपारी तीनला ३१.४, सकाळी नऊलाही ३१.४. याला स्थैर्य म्हणतात. राज्यस्तरीय स्पर्धेचा अर्ज भरला. विषय: 'ग्रामीण उद्योगात चुना व सेन्सर यांचा समन्वय'.
कॉम्प्युटर हळू झालाय. लॉग फाइल, म्हणजे प्रोग्रॅमची तक्रारवही, फार फुगली आहे. सवडीने वाचायची.

२५ एप्रिल.
अब्बा म्हणाले माल हल्ली लवकर वाळतो. दोन दिवसांचा एका दिवसात. मी कार्यक्षमता या शब्दाचा अर्थ सांगितला. ते जेवता जेवता थांबले. मग म्हणाले, तुझा आकडा बरोबर असंलच. गेला आठवडाभर ते हात पाठीमागे बांधून दारासमोरून जातात. सवय मोडणं सोपं नाही, पण ते प्रामाणिकपणे मोडतायत. मला त्यांचा अभिमान वाटला.

२९ एप्रिल.
डिस्क भरली. मोठी फाइल शोधली तर तीच तक्रारवही. न वाचताच काढून टाकली. कॉम्प्युटर पळायला लागला.
वाळवणाच्या खोलीतल्या खोक्यांवरची लेबलं सुटून पडतायत. डिंक ओघळतो. डिंक निकृष्ट. शेठना लेखी कळवणे.

३ मे.
खोलीमागे भिंतीला टेकून झोपणारी कुत्री गेले चार दिवस तिथे झोपत नाही. चुन्याच्या वासाने असेल.
आत ३१.४.

६ मे.
गौराबाईंनी कचेरीत येऊन पडद्याकडे बघितलं आणि विचारलं, "पोरी, ह्ये रोज एकतीसच कसं गं?" मी स्थैर्य समजावलं. त्या म्हणाल्या, माझ्या नवऱ्याचं घड्याळबी लई स्थिर होतं, बंद होतं म्हणून. कामगारांसाठी विज्ञानाचा वर्ग घ्यायला हवा. शुक्रवारी. (शुक्रवारी नमाज. शनिवारी.)

९ मे. सकाळी ६.
स्पर्धेच्या मुलाखतीसाठी धाराशिवला जाते आहे. अब्बा स्टँडपर्यंत आले. कारखाना आज बघायची गरज नाही, आकडा बघा, असं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, आकडाच बघतो.

संध्याकाळी ७.
मुलाखत उत्तम झाली. परीक्षकांनी आकडे एकसारखे का, एवढंच विचारलं. स्थैर्य.
घरी आले तर अब्बांचा उजवा हात मलमाने पांढरा. अम्मीने पाणी स्वतःच भरायला घेतलं. काय झालं ते गौराबाईंकडून कळलं.

दुपारी अडीचला त्या वाळवणाच्या खोलीच्या दारापाशी सावलीला बसायला गेल्या आणि पाठ टेकताच उठल्या. अब्बांना हाक मारली. अब्बा दाराकडे आलेच नाहीत. आधी कचेरीत गेले, पडदा बघितला, मग बाहेर आले. म्हणाले, "थांबा गौराबाई. आत एकतीस हाय. माझ्या पोरीनं लावलंय ते."
गौराबाई म्हणाल्या, "पडदा तिकडं कचेरीत हाय, दार हितं हाय."
आणि त्यांनी अब्बांचं मनगट धरून हात दारावर ठेवला.
हात लगेच काढला असता तर फोड आले नसते. त्यांनी काढला नाही. गौराबाई म्हणतात, ते पडदा असलेल्या कचेरीच्या खिडकीकडे बघत उभे होते, आणि हात दारावर तसाच.
मग 'तापलं' म्हणाले. पस्तीस ट्रे बाहेर काढले. एका कोपऱ्यात भुईनळ्यांचे कागद तपकिरी झाले होते. अजून अर्धा तास थांबलो असतो तर खोली उडाली असती, असं गौराबाई म्हणाल्या.

माझं मत: पत्र्याचं दार उन्हात बाहेरून तापतं. आतलं तापमान वेगळं. उद्या सर्वांसमोर सिद्ध करणे.

१० मे. सकाळी ९.
शेठ, गौराबाई, सगळे कचेरीत. सेन्सर बाहेर काढून कचेरीपर्यंत आणला, वायर जोडलेलीच. बर्फाच्या पाण्यात बुडवला. ३१.४. गरम चहाच्या किटलीला लावला. ३१.४. अब्बांच्या बऱ्या हातात दिला. ३१.४. गौराबाई हसल्या नाहीत, त्याचं जास्त वाईट वाटलं.

११ वाजता. नवी तक्रारवही उघडली. दर सेकंदाला एकच ओळ: सेन्सर सापडत नाही, सेन्सर सापडत नाही. २९ तारखेला मी काढून टाकली त्यातही हेच असणार.
सेन्सरची वायर कॉम्प्युटरला ज्या छोट्या अडॅप्टरने जोडली आहे त्यात आणि बोर्डाच्या केबलमध्ये एकच चिप. नंबर एकच. मी लिहिलं होतं, या नंबरची वस्तू दिसली की मुकादमाने हात काढून घ्यावा. १६ तारखेला लाइट आल्यावर दोन्ही नव्याने जोडल्या गेल्या आणि मुकादमाने दोन्हींवरून हात काढला. त्याने ऐकलं. अब्बांनीही ऐकलं.
पडद्यावर माझ्या चार ओळी शेवटचा आकडा दाखवत राहिल्या. पंचवीस दिवस आत कोणीच बघत नव्हतं.

ओळ काढली. सेन्सर परत खोलीत ठेवला. आकडा आला: ४३.८. खोली कालपासून रिकामी आणि दार उघडं असताना.

१२ मे. सकाळी ८.
शेठ रागावले नाहीत. पडद्यावर टॉवेल टाकायला सांगितला. अब्बांच्या हाताला पंधरा दिवस पट्टी, तोवर दाराचं काम माझ्याकडे. हे तात्पुरतं आहे. बोर्ड पूर्ण झाला की हाताची गरज राहणार नाही. ओळीत सिरीयल नंबर घातला की झालं.
अब्बांनी शिकवलं: तळवा नाही, उलटा हात. तीनपर्यंत मोजायचं. मनातल्या मनात, घाई न करता. मी विचारलं, किती डिग्रीला तापलं म्हणायचं? ते म्हणाले, "ते तुझा हात सांगंल, बेटा."

९ वाजता. नाही.
१०. नाही.
११. नाही. (बहुतेक.)
१२. गौराबाईंना लावायला सांगितला. त्याही नाही म्हणाल्या.
१. नाही.
२. तापलं.