मीठ न लावलेल्या जळवा

१४ जुलै २०२४, ताम्हिणी
पुन्हा तेच! सहाही स्लाइड वाया. शुक्रपेशींचे घोस आकसून चोथा झालेले. जळूच्या वृषणात या पेशी सुट्या वाढत नाहीत — मधल्या एका गोळ्याला चिकटून, कदंबाच्या फुलासारख्या, तरंगत वाढतात. तेच तर माझ्या पीएचडीचं काम. पावसाळा सरला की जळवा गेल्या, आणि माझं वर्षही.

१५ जुलै
चूक सापडली! जळवा सासूबाई आणून देतात, भातखाचरातून, स्वतःच्या पायांवर. काढताना मीठ लावतात, आणि मिठाने आतल्या पेशी आकसतात. "मिठाबिगर सुटत्यात व्हय त्या?" आधी चिडले, मग माझीच मला लाज वाटली. सुनेच्या डिग्रीसाठी रक्त देतायत बिचाऱ्या, आणि मी डाफरतेय. नखाने तोंड कसं सोडवायचं ते दाखवलं.

१९ जुलै
डॉक्टरांकडे. माझ्या तपासण्या तिसऱ्यांदा चांगल्या. "मिस्टरांची कधी करायची?" मिस्टर गाडीतच बसलेले. येताना इंद्रजित म्हणाला, "आमच्या घरात असलं कुणाला नसतं." लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही. दिवसभर शुक्रपेशी बघते मी, आणि नवऱ्याला तपासणीला एक डबी भरून दे म्हणायची चोरी! खूप रडले.

२ ऑगस्ट
मीठ न लावलेल्या जळवा. घोस अखंड!!

११ ऑगस्ट
पुण्याहून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे फोटो आले. केंद्रक मळसूत्रासारखं पिळलेलं, मागे एकच लांबट तंतुकणिका — शेपटीला ताकद पुरवणारी. काय देखणी पेशी आहे!

सासूबाईंना घरच्या सूक्ष्मदर्शकातून घोस दाखवले. एक डोळा हाताने झाकून किती वेळ बघत होत्या. "ही नराची व्हय?" म्हटलं, प्रत्येक जळू नरही असते आणि मादीही.

"मंग त्यांच्यात वांझ कुनाला म्हनत्यात?"

मी स्लाइड बदलली. मग त्यांनीच हळूच विचारलं — "मानसाचं बी असंच बघत्यात? दुखतं का गं?"

"नाही, आई."

त्या जेवल्याच नाहीत.

१२ ऑगस्ट
सकाळी त्यांनी इंद्रजितला समोर बसवलं. तो त्यांच्या पोटचा नाही, धाकट्या बहिणीकडून दत्तक घेतलेला. "तुजा बाप बी तपासाया गेला न्हाई. वांझ मी ठरले." तो उठून गाडी घेऊन गेला. मी घाबरलेच.

दुपारी त्याचा फोन — दवाखान्यातून. "आईला सांग, नंबर लावलाय."