सुखरूप परत येईपर्यंत

प्रिय हग्ले,

येतेर आला! माझा नातू लढाईवरून धडधाकट घरी आला गं! खापरीवर लिहितेय, अक्षर वाकडं आलं तर हसू नकोस. रांजण त्यानंच फोडला, दारातून धावत येताना. आत्ता मसुरीचं कालवण ओरपतोय. दाढी आलीय त्याला, शोभत नाही मुळीच.

तू तिकडे इज्रेलच्या राजवाड्यात, तुला इथलं काय ठाऊक! लढाईआधी राजानं देवाचा कौल विचारायला इथं शोमरोनच्या वेशीत सगळे संदेष्टे जमवले. एक तर लोखंडी शिंगं लावून नाचत होता. सगळे म्हणाले, जा, जिंकशील. एकच संदेष्टा, तो नेहमीचा तिरकस, म्हणाला, "सैन्य डोंगरावर पांगलेलं दिसतंय, मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखं. यांना धनी उरला नाही, जो तो सुखानं घरी जाऊ दे." लोकांचे चेहरे पडले आणि मी आपली हसतेय! शेजारणीनं चिमटा काढला, "अगं म्हातारे, राजा मरणार म्हणतोय तो!" मला 'घरी' तेवढंच ऐकू आलं होतं. राजा भडकला. "टाका याला कोठडीत. मी सुखरूप परत येईपर्यंत अर्धपोटी ठेवा."

तुरुंगाच्या भाकरी मीच भाजते ना, त्याच्या भाकरीत अंजीर दडपायचे. पण देवाकडे मागावं काय, तेच कळेना. राजा परतला तर हा खोटा, मग माझा येतेर घरी येणार हेही खोटं? आणि राजा न परतो म्हणायला जीभ रेटेना.

राजा बाण लागून रथातच गेला, हे तुला कळलंच असेल. संध्याकाळी सैन्यात हाळी फिरली, आपापल्या गावी चला, आणि येतेर चालत सुटला. मी नाचत तुरुंगात गेले, "सोडा आता, खरा ठरला तो!" शिपाई म्हणतो, "आजी, राजा सुखरूप आला का? नाही ना? मग हुकूम चालूच." म्हटलं, "अरे, तो आता कधीच यायचा नाही!" तर म्हणतो, "मग हाही कधीच सुटायचा नाही." खरं बोलला म्हणून आत, आणि खरं ठरलं म्हणून कायमचा आत? माझं डोकंच चालेना. आणि तो कोठडीतून मलाच विचारतो, "पोराला कुठं लागलं नाही ना?"

हग्ले, आता गादीवर बसलाय त्याला तू अंगावर पाजलंयस. तुझं ऐकेल तो. बापाचा हुकूम मोडवत नसेल, तर स्वतःचा नवा काढ म्हणावं. सगळ्यांना घरी जाऊ दे म्हणणारा तेवढा एकटाच अजून घरी गेला नाही गं.

तुझीच थोरली,
पुआ