कबरीला नजर लागलेली नाही

अहो,

कबरीला झुलालभाऊंच्या बैलगाडीत घालून फैजपूरला जनावरांच्या दवाखान्यात चालले आहे. सकाळी शेळी उठायला गेली आणि पाय लटपटून पुन्हा खाली बसली. आई तिच्यावरून मीठ-मिरच्या उतरवत होत्या, पण ही नजर नाही. तिच्या पोटात बेशरमाचा पाला गेलाय.

काल संध्याकाळी मी आईंच्या मागे पाटापर्यंत गेले. त्यांनीच तिला बेशरमाच्या झाडांत बांधलं होतं. मला कौतुकाने म्हणाल्या, "औंदा गवत कितलं हिरवंगार शे!" जांभळी फुलं त्यांच्या खांद्याला घासत होती. मी काहीतरी निमित्त काढून कबरीला लगेच सोडून आणलं, पण तोवर तिने पाला खाल्ला होता.

मी लग्न होऊन आले तेव्हा याच बाईने मला बांधावर फिरवून जनावराला कोणता पाला घालायचा नाही ते शिकवलं होतं. सगळ्यात आधी बेशरम दाखवलं होतं. त्या विसरलेल्या नाहीत हो. त्यांना दिसत नाही.

त्यांना यातलं काही बोलू नका, आणि परवासारखं शेळीवरून त्यांच्यावर ओरडू तर मुळीच नका. 'मला डोळे दाखवायला जळगावला जायचंय, सोबत चल,' एवढंच म्हणा. तुमच्यासाठी त्या येतील.

वरण-भात झाकून ठेवलाय. आज डाळ त्यांनी निवडली आहे. खडा लागला तर हळूच काढून ताटाखाली सरकवा. दाताखाली वाजू देऊ नका, कान त्यांचे अजून चांगले आहेत.

कोकिळा