मोकळी जमीन

मुंबई, ता. ३ फेब्रुवारी १९२४

ती. सोनुताईस,

सहदेवचा साष्टांग नमस्कार, वि. वि. इकडील सर्व क्षेम, असे लिहायला घेतले की खोकला येतो. डॉक्टरांनी साफ सांगितले की छापखान्यात खिळे जुळवणे सोड. शिशाची धूळ छातीत बसली आहे, मुंबईत राहिलास तर ती उतरायची नाही.

दुसरी बातमी गोड आहे. येसूला दिवस गेले आहेत. दोन्ही मुलगे या खोलीतून गेले, एक तापाच्या साथीत आणि एक त्यानंतर. तिसरे मूल तरी इथे जन्माला येऊ नये असे ती म्हणते. रात्रंदिवस तिच्या तोंडी एकच, की चार झाडे आणि आपले असे शेत हवे.

तेव्हा ताई, तू आणि दाजींनी माझ्यासाठी जमीन पाहावी. कळंबकडे, पळसदरीला, खालापूरच्या बाजूला, कुठेही चालेल. मालकाला वर्षाचा खंड देऊन घेईन, पण पावसाआधी घर उभे राहायला हवे. लहानपणी नांगर धरताना मी बैलांपेक्षा जास्त धापा टाकायचो म्हणून तू हसायचीस, आता पोटभर हस. दाजींना नमस्कार. माया आहेच, ती राहू दे.

तुझा,
सहदेव

कळंब, ता. २६ फेब्रुवारी १९२४

चि. सहदेव यास,

सोनुताईचे अनेक आशीर्वाद. येसूची बातमी वाचून देवापुढे साखर ठेवली. तिला जड उचलू देऊ नकोस.

यांच्या शाळेला सुट्टी मिळाली तशी आम्ही दोघे हिंडलो. कळंबात भाताची जमीन कोणी सोडायला तयार नाही. पळसदरीला स्टेशन जवळ आहे, पण मिळते ते सगळे खडकाळ. खालापूरच्या वाटेवर डोंगराच्या पायथ्याशी मात्र एक तुकडा पाहिला. माती हातात घेतली तर लोण्यासारखी. उन्हाळ्यातही न आटणारा झरा आहे. मालक म्हणाले की मोकळी जमीन आहे, उद्या या.

पण ती मोकळी नाही रे. तिथे डोंगरातल्या ठाकर लोकांचे खोपटे आहे. धोंडी नावाचा माणूस, त्याची बायको सोमी आणि अंगावर पिणारे पोर. धोंडीच्या बापाने ती जमीन रान तोडून केली. मालक म्हणतात की कागद माझा आहे, होळीपर्यंत त्यांना उठवतो. सोमीने आम्हांला पाणी दिले आणि विचारले की इथं कोन येनार हाय. मी भांडे परत दिले आणि उठले.

जागा चांगली आहे हे खोटे कसे सांगू? पण मन घेत नाही. हेही म्हणतात की थोडे थांबावे, दुसरे काही पाहू. पुढे तुझा विचार. खोकल्याला अडुळसा घेत जा.

तुझी,
सोनुताई

मुंबई, ता. ५ मार्च १९२४

ती. सोनुताईस,

सा. न. वि. वि. पत्र पोचले. थांबायला माझ्याकडे वेळ कुठला? पाऊस थांबणार नाही आणि येसूचे दिवसही. मी जाऊन मालकांना भेटलो आणि बोलणे पक्के करून आलो. मी घेतली नाही तर दुसरा कोणी घेईल, त्या लोकांना उठावे लागणारच. मालक म्हणाले की ठाकरांना जागा बदलायची सवय असते, डोंगरावर पाने-लाकूड मुबलक आहे, चार दिवसांत नवे खोपटे बांधतील.

येसूला यातले काही सांगू नकोस. अशा दिवसांत तिच्या मनाला लागेल. तुला राग आला तर तो माझ्यावर काढ, पण बोलणे बंद करू नकोस.

सहदेव

खालापूरजवळ, ता. १२ ऑगस्ट १९२४

ती. सोनुताईस,

सा. न. वि. वि. ओढ्याला पूर होता म्हणून पत्राला उशीर झाला. येसूला मुलगी झाली. खालापूरची सुईण येऊ शकली नाही, पण डोंगरावरची एक बाई वेळेवर आली आणि निभावले. येसूला ताप आहे, उतरेल. मुलगी तुझ्यासारखी, जन्मताच आवाज मोठा.

भात कमरेला लागले आहे. इतके हिरवे मी जन्मात पाहिले नव्हते. माझा खोकलाही पुष्कळ कमी आहे. पाऊस ओसरला की दोघे या. वाट पाहणारा,

सहदेव

खालापूरजवळ, ता. ९ सप्टेंबर १९२४

ती. वन्संना,

येसूचा शिरसाष्टांग नमस्कार. अक्षर वेडंवाकडं आहे, सांभाळून घ्या. हे पत्र वाण्याच्या गाडीवानाबरोबर पाठवते आहे. घरात विचारलेलं नाही.

यांनी तुम्हांला लिहिलं की डोंगरावरची बाई आली. ती सोमी. आम्ही आलो तेव्हा अंगणात चुलीचे दगड होते. मी विचारलं तर हे म्हणाले की गुराख्यांचे असतील. मी त्याच दगडांवर भात शिजवला, वन्सं.

त्या दिवशी मी सकाळपासून ओरडत होते. हे डोंगर चढून सोमीकडे गेले. तिनं यांना सांगितलं की आदी बोल, आमची जागा आमाला देशील का, मग येते. यांनी माझ्या डोक्याची शपथ घेतली. मग ती आली. तिनं पोरीला बाहेर काढलं, नाळ कापली, पाय धरून उलटी केली तेव्हा पोर रडली. मला ताप भरला आणि दूध आटलं. सोमीनंच तिला पाजलं. तिला दूध कसं, हे मला कळेना. तुझं बाळ कुठं ठेवून येतेस, असं मी विचारलं. ती म्हणाली की आखाडात गेलं, वर लई पानी गळतं.

ही जागा तिची होती, हे सगळं मला तेव्हा तिच्याकडूनच कळलं. त्या बाळाला आपण पावसाच्या तोंडावर घराबाहेर काढलं होतं.

शपथेप्रमाणे धोंडीनं शेताच्या कडेला खोप उभी केली. मला वाटलं, आता काही तरी फेडता येईल. पण मालकांचा माणूस आला आणि यांना म्हणाला की इथं ते राहतील नाही तर तुम्ही. हे उठले. मी दारात पोरीला घेऊन उभी होते. खोपीच्या भिंतीचे कूड ओढायला यांनी स्वतः हात लावला, वन्सं. धोंडी अडवायला पुढे झाला तर सोमीनंच त्याला मागं ओढलं. तिनं मडकं उचललं आणि ती माझ्याकडं न बघता गेली. पाऊस पडतच होता.

संध्याकाळी हे मला म्हणाले की ते आपण होऊन गेले. माझ्या डोळ्यांदेखत झालेलं मला असं सांगितलं.

मी इथं राहू शकत नाही. तुमच्या दारात आले तर घ्याल का?

तुमची,
येसू

कळंब, ता. ४ ऑक्टोबर १९२४

चि. सहदेव यास,

आशीर्वाद. येसू आणि मुलगी आमच्याकडे सुखरूप आहेत; येसूचा ताप उतरला, दूधही पुन्हा आले. हे गाडी घेऊन ओढ्यापर्यंत गेले आणि तिला घेऊन आले. बारसे आम्ही उरकले, नाव रखमा ठेवले. तुला बोलवावे असे मी म्हणाले होते, येसूने नको म्हणून मान हलवली.

ती म्हणते की सोमीला जागा मिळाली तर परत जाईन, नाही तर नाही. मी तिला समजवायला बसले आणि मलाच तिचे पटले. जागा मी दाखवली होती, हे मी विसरत नाही. पण कूड ओढताना मी तिथे नव्हते. अजून वेळ आहे. डोंगरावर जा, त्यांना शोध, मालकांशी भांड. जमीन सुटली तर सुटू दे, आमच्या घरात तुम्हा तिघांना पुरेल एवढी जागा आहे. तू भित्रा आहेस हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. दुष्ट आहेस असे मला वाटून घ्यायचे नाही.

सोनुताई

खालापूरजवळ, ता. १८ नोव्हेंबर १९२४

ती. सोनुताईस,

सहदेवचा नमस्कार. उत्तर लगेच लिहिले नाही. कापणी झाली की डोंगरावर जाईन, असे स्वतःशी म्हणत होतो. उभे पीक टाकून कसा जाणार?

पीक फार चांगले आले आहे. मालक स्वतः पाहायला आले, खूश झाले, शेजारचा तुकडाही तूच कर म्हणाले. खोकला गेला. घरात मी एकटाच असतो. स्वयंपाक करतो, कधी करत नाही.

कापणीला मजूर आणायला सांगितले होते. सकाळी शेतावर गेलो तर रांगेत धोंडी होता. मुकादमाने घाटातून, ठाकुरवाडीकडून आणलेली माणसे होती, त्यांच्यात तो. मला वाटले तो विळा टाकून निघून जाईल, किंवा माझ्या अंगावर येईल. त्याने ओळखही दाखवली नाही. बापाने केलेल्या शेतात वाकून तो दिवसभर भात कापत होता, आणि इतरांपेक्षा स्वच्छ कापत होता.

दुपारी मी त्याच्याजवळ गेलो. म्हणालो की सोमीला घेऊन ये, मी मालकांशी बोलतो, या वेळी खरेच बोलतो. त्याने हातातली पेंढी बांधून खाली ठेवली. म्हणाला की ती नाय आता, भादव्यात गेली, तापानं. आणि पुढच्या मुठीला विळा लावला.

मी बांधावर उभा राहिलो.

ताई, रखमा कशी आहे? आता ती मान धरते का? येसूला हे कसे सांगावे ते मला कळत नाही. तूच सांग. किंवा इतक्यात सांगू नकोस, पोर तिच्या अंगावर पिते आहे.

मला पत्र पाठवत जा. दोन ओळींचे असले तरी चालेल.

सहदेव