फोन लाल झाला

३ जुलै

सगळ्यांचे फोन लाल! वृद्धाश्रमाच्या फाटकावर आज नुसता गोंधळ. कोरोनाचं ते संपर्क शोधणारं ॲप हिरवं असल्याशिवाय वॉचमन आत सोडत नाही, आणि आज एकीचंही हिरवं नाही. स्वयंपाकाच्या बाई काल पॉझिटिव्ह निघाल्या. त्यांचा नि आम्हा आयांचा संबंध काय? त्या खाली चुलीशी, आम्ही वरच्या मजल्यावर. महिनोन्‌महिने तोंड दिसत नाही.

मग नर्सच्या डोक्यात प्रकाश पडला. ड्यूटीवर चढताना सगळ्यांनी फोन एकाच कपाटात ठेवायचे, हा आमचा नियम. आम्ही वेगवेगळ्या मजल्यांवर, आणि फोन दिवसभर एकमेकांना चिकटून! ॲपला माणूस कुठे कळतो? त्याला फोन कळतो.

तपासणी करून सगळ्या घरी.

६ जुलै

सगळ्यांचे रिपोर्ट निगेटिव्ह. तोवर आश्रम दोन माणसांवर चालला. कर्नल जेवल्याच नाहीत म्हणे. कर्नल म्हणजे कोपऱ्यातल्या खोलीतल्या आजी — सैन्यात कधी नव्हत्या, पण हुकूम तसेच सोडतात. लकवा झाल्यापासून घास अडकतो, माझ्याखेरीज कुणाच्या हातचं खात नाहीत. मला बघून म्हणाल्या, "कुठे मेली होतीस?"

"फोन लाल झाला होता, आजी."

"मग फोनला ठेवायचं घरी. तू का राहिलीस?"

हसून हसून पुरेवाट! वाटीभर सूप संपवलं त्यांनी.

९ जुलै

हे ॲप बॅटरी खातं. दुपारीच फोन मान टाकतो.

१४ जुलै

पुन्हा लाल. या वेळी माझा एकटीचाच. "तुम्ही बाधित व्यक्तीच्या संपर्कात आला होता." कोण, कुठे, कधी — काही नाही. यांच्या फोनवर बघावं, तर तो इतका जुना की ॲप त्याच्यावर उतरतच नाही. हेल्पलाइनला लावला. पोरगी गोड आवाजात म्हणाली, "नाव आम्हालाही दिसत नाही, मॅडम. गोपनीय असतं."

मग मी घाबरायचं तरी कुणाला?

१५ जुलै

व्यवस्थापक मॅडमचा फोन. "अगं, पुन्हा ते कपाटच असणार. तुझा फोन जुना, उशिरा जागा झाला असेल. ॲप काढून टाक नि परत घाल. कोरं होतं. सगळ्या तेच करतात."

आधी तपासणी करून घेते, म्हटलं.

"रिपोर्टला हल्ली किती वेळ लागतो, माहीत आहे ना? इकडे कर्नलनी कालपासून तोंड उघडलेलं नाही. बघ बाई. माझी जबरदस्ती नाही."

हे म्हणाले, जाऊ नकोस. मी म्हटलं, मागच्या वेळी काय निघालं? काही नाही ना?

ॲप काढलं. परत घातलं. हिरवंगार!

१६ जुलै

वॉचमनने फोन बघून सलाम ठोकला. कर्नलना भरवलं. मास्कमधून बोललं की त्यांना कळत नाही, ओठ बघायचे असतात. "तोंड उघड तुझं," म्हणाल्या. मास्क खाली ओढला. घटकाभरच.

१९ जुलै

चहाला वास नाही. दूध करपून घरभर धूर झाला. हे खोकत, ओरडत आले तेव्हा मला कळलं! मी शेगडीशेजारीच उभी होते.

तपासणीला नाक देऊन आले. फोन अजून हिरवाच आहे.

२१ जुलै

पॉझिटिव्ह. हेसुद्धा.

आरोग्य खात्यातून फोन. चक्क जिवंत माणूस! "ताई, अलीकडे कुणाकुणाला भेटलात?" आठवून आठवून सांगितलं. कर्नलचंही सांगितलं. मग धाकटे दीर आठवले. मधे एका रविवारी नळ बसवायला आले होते. ते ओट्याखाली, मी टॉर्च धरून शेजारी, डोक्याला डोकं लावून. माझ्यामुळे भाऊजींना काही झालं असलं तर? घरात लहान लेकरं त्यांच्या. पुन्हा पुन्हा फोन लावला. उचलत नाहीत.

२४ जुलै

कर्नलना ताप. धाप लागली म्हणून दवाखान्यात हलवलं. नर्स सांगत होती, स्ट्रेचरवरूनही हुकूम चालू होते — "चादर नीट करा."

मी इथे खोलीत बसून आहे.

२६ जुलै

गेल्या.

नर्सने तेवढंच सांगितलं. मॅडमचा फोन नाही. माझ्यामुळे झालं, असं कुणीच म्हणालं नाही. कुणीतरी म्हणायला हवं होतं.

त्यांना शेवटी कुणी भरवलं असेल?

२७ जुलै

भाऊजींचा फोन आला. आवाज पार बसलेला. "वहिनी, नळ बसवून गेलो आणि दुसऱ्याच दिवशी ताप भरला. रिपोर्ट आला तसं लगेच ॲपवर टाकलं. तोंडाने सांगायला जीभ रेटेना. — तुम्हाला निरोप पोचला होता ना?"

पोचला होता.