भिंतीवरचा दोन जून

१४ एप्रिल २०२०, मंगळवार

आज फिन्टनचा कचऱ्याचा बिन मी बाहेर ठेवला. पैज हरलो!

घरापासून दोन किलोमीटरच्या पुढे जायचं नाही, असा सरकारी हुकूम आहे. त्यामुळे दिवसभर स्वयंपाकघरातलं टेबल आणि लॅपटॉप, संध्याकाळी मागची बाग. भिंतीपलीकडे फिन्टन. सत्तरी ओलांडलेला, मूळचा याच देशातल्या मेयो जिल्ह्याचा, अमेरिकेत डेट्रॉइटला बस चालवून निवृत्त झाला आणि इथे ब्युमॉन्टला येऊन राहिला. एकटाच असतो. टीव्हीवर ना माझं क्रिकेट, ना त्याचं बेसबॉल. मग त्यानेच खेळ काढला — दर मंगळवारी, बिन बाहेर ठेवायच्या वेळी, त्या तारखेला बेसबॉलमध्ये काय काय घडलं ते दोघांनी सांगायचं. तपशिलात जो चुकेल त्याने दुसऱ्याचाही बिन ओढायचा.

त्याला वाटलं, हा पुण्याचा माणूस काय सांगणार! पण बेसबॉल मी स्वतः शिकलोय. बी.कॉम. होऊन प्रोग्रामिंग शिकलो तसंच — क्लास नाही, गुरू नाही. आज एका सालात घसरलो. अमेरिकेच्या अध्यक्षाने मोसमाचा पहिला चेंडू टाकला ते १९१०. मी १९१२ म्हणालो. पुन्हा होणे नाही.

२ जून २०२०

काय तारीख आहे ही!

१९२५ — यांकीज संघाचा पिप बाहेर बसला, त्याच्या जागी गेरिग नावाचा पोरगा पहिल्या बेसवर उभा राहिला. मग चौदा वर्षं हललाच नाही, एकही सामना चुकवला नाही. १९३५ — बेब रूथ निवृत्त. १९४१ — तोच गेरिग गेला. पोलादी माणूस म्हणायचे त्याला, आणि मज्जातंतूंच्या आजाराने एकेक स्नायू काढून घेतला. पुढे आजारालाच त्याचं नाव पडलं. पिपच्या जागी उभा राहिला तीच तारीख, बरोबर सोळा वर्षांनी.

फिन्टन म्हणाला, गेरिगची सलग सामन्यांची मालिका आजच सुरू झाली. चूक! मालिका मोजतात एक जूनपासून. आदल्या दिवशी तो दुसऱ्या कुणाच्या तरी जागी एकदा बॅटिंगला आला होता. फिन्टनने आत जाऊन खात्री केली, मला "प्रोफेसर" म्हणून कोपरापासून सलाम ठोकला आणि दोन्ही बिन दोन हातांत धरून शीळ घालत रस्त्यावर नेले.

परत आला तेव्हा २०१० चं सांगितलं. हे मला पाठ होतं, पण तो त्या दिवशी मैदानात होता! डेट्रॉइटचा गोलंदाज गलारागा. सव्वीस फलंदाज आले, सव्वीस बाद. सत्ताविसावाही बादच होता, पण अंपायरने सेफ, म्हणजे नाबाद दिला. सत्तावीसच्या सत्तावीस ओळीने बाद केले की परफेक्ट गेम. तो गेला! फिन्टन म्हणाला, "मी असा ओरडलो की मेयोत आईच्या थडग्यावरचं गवत हललं असेल. आणि तो पोरगा? तो नुसता हसला. हसून परत चेंडू टाकायला गेला." सामना संपल्यावर अंपायरने चूक कबूल केली. दुसऱ्या दिवशी अंपायरच्या हातात संघाची यादी द्यायला गलारागाच आला, आणि अंपायरने डोळे पुसले.

मी म्हटलं, निर्णय चुकला तो चुकलाच, रेकॉर्ड गेलं ना. फिन्टन म्हणाला, "प्रोफेसर, तुझं सगळं बरोबर असतं. एवढंच चुकतं."

याचा अर्थ नीट लागला नाही. पण असा शेजारी मिळाला याबद्दल आज देवापुढे दोन मिनिटं जास्त उभा राहिलो. बायकोने, प्रमोदिनीने विचारलं, आज काय विशेष?

२० ऑगस्ट

फिन्टनने त्याचा जुना ग्लव्ह दिला. चामडं काळं पडलंय. आम्ही क्रिकेटवाले उघड्या हाताने झेलतो म्हटलं तर म्हणतो, म्हणून तुम्ही सोडता! भिंतीवरून फेकाफेक केली. तो खालून फेकतो. म्हणे खांदा धरलाय.

१३ ऑक्टोबर

परत हरलो. १९०३ ची पहिली वर्ल्ड सिरीज आजच संपली. मी म्हणालो सात सामन्यांची, निघाली नऊ सामन्यांची. चीड आली. म्हाताऱ्याच्या अंगात काय संचारलंय? पूर्वी हरला तरी हसायचा, आता शब्दाशब्दाला अडवतो. माझा बिन, त्याचा बिन — ओढा!

८ डिसेंबर

पुन्हा मीच. थंडीत दोन्ही बिन. फिन्टन खिडकीतूनच बोलला, बोलणं जड. नवी कवळी बसवलीय म्हणे. कवळीसकट जिंकतो!

२६ जानेवारी २०२१

जुन्या सामन्याचं रेकॉर्डिंग लावून पेन्सिलीने स्कोअर लिहीत होतो. पेन्सिल गळली. उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट — जोर नाही. शर्टाचं वरचं बटण लागत नाही. महिनाभर होतंय हे. अंगठ्याशेजारचा मांसल भागही बसलाय, असं वाटतं.

मी वाचलंय. गेरिगचंही हातापायांतूनच सुरू झालं होतं.

प्रमोदिनीला सांगितलेलं नाही.

९ मार्च

बातमी — यंदापासून दोन जून सगळ्या मैदानांवर गेरिगच्या नावाने पाळणार. वाचलं आणि लॅपटॉप मिटून उठलो.

भिंतीशी जाऊन फिन्टनला सगळं सांगितलं. बायकोआधी त्याला!  त्याने विचारलं, मुंग्या येतात? येतात. बोटं बधिर होतात? होतात. "मग ते नाही," म्हणाला.

मी म्हटलं, मी सगळं वाचलंय, तुम्ही काय वाचलंत? "काही नाही. पण ते नाही. कळतं मला."

राग आला खरा. जन्मभर बस चालवली आणि मला न्यूरॉलॉजी शिकवतो! पण आज बऱ्याच दिवसांनी नीट जेवण गेलं, हेही लिहून ठेवतो.

२७ एप्रिल

प्रमोदिनीला कळलं होतंच. म्हणाली, मी बिनबटणाचे टी-शर्ट काढून ठेवत होते ते तुम्हाला काय वाटलं, उन्हाळ्यासाठी? मग आवाज बदलला. "अहो, नेटवर वाचून प्रोग्रामर होता येतं. पेशंट नका होऊ."

लेकीने, मुक्ताने सोफ्यावरून ऐकलं. मराठी सगळं समजतं, उत्तर इथल्या इंग्रजीत. "बाबा, यू'ल बी ग्रँड." म्हणजे काही होणार नाही तुम्हाला. आणि उठून माझ्या खांद्याला टेकून बसली. पंधरा वर्षांची झाल्यापासून बसत नाही.

डॉक्टरांनी हॉस्पिटलला पाठवायचं ठरवलं. अठरा मे.

१५ मे

देशभरातल्या हॉस्पिटलांच्या कॉम्प्युटरांवर सायबर हल्ला. माझी अपॉइंटमेंट रद्द! आयुष्यभर ज्यांच्यावर पोट भरलं त्या मशिनांनीच दगा दिला.

२४ मे

फोन आला. नवी तारीख दोन जून.

मी विचारलं, दुसरी नाही का? बाई म्हणाली, नाही, लव्ह. इथे सगळ्यांनाच लव्ह म्हणतात.

१ जून, मंगळवार

लक्ष नव्हतं. फिन्टनने माझाच मुद्दा माझ्यावर उलटवला — एक जूनला गेरिग कुणाच्या जागी बॅटिंगला आला? मी म्हटलं पिप. पिप उद्याचा! आजचा वॅनिंजर. शाळेतल्या पोराला यावं असं. हरलो.

त्याचा बिन ओढताना दोनदा हातातून सुटला. तो दारात उभा राहून बघत होता. चौकटीला धरून.

म्हणाला, "उद्या जा आणि ये. ते नाही."

२ जून २०२१

ते नाही!!

विजेचे झटके दिले, सुया टोचल्या. तरुण डॉक्टरीण, कॉर्क शहरातली. म्हणाली, कोपरातली नस दबलीय, वर्षभर कशावर टेकून बसताय? स्वयंपाकघरातलं टेबल. कडा उंच आहे, मी कोपर टेकूनच काम करतो. ती म्हणाली, मुंग्या येतात हीच चांगली बातमी. त्या आजारात मुंग्या येत नाहीत, बधिरपणाही नसतो.

फिन्टनचीच वाक्यं! प्रमोदिनीला फोन केला, बोलता येईना. तिनेच विचारलं, हसताय का रडताय? दोन्ही. कधी एकदा भिंतीशी जातो असं झालं.

भिंतीपर्यंत जावं लागलं नाही. बाहेर पडलो तर कॉरिडॉरमध्ये फिन्टन. खुर्चीत, मास्क लावून, मांडीवर दोन्ही हात पालथे. शेजारी नर्स गुडघ्यावर बसून त्याच्या बुटाची नाडी बांधत होती.

मला बघून डोळ्यांनी हसला. "काय, प्रोफेसर? सांगितलं होतं ना."

मी विचारलं, तुम्हाला ते? कधीपासून? ऑक्टोबर, म्हणाला.

मला का नाही सांगितलंत? मास्कमधून त्याचा शब्दन् शब्द जड येत होता, कवळी कधी नव्हतीच. "मार्चमध्ये सांगणार होतो. तर तू आधी बोललास. म्हटलं, एका भिंतीला दोन पेशंट कशाला."

त्याला आत बोलावलं. मी चालत घरी निघालो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बिन रिकामे होऊन आडवे पडले होते. ते उचलताना लक्षात आलं. ऑक्टोबरपासून तो एकदाही हरलेला नाही. बिन ओढण्याइतका जोर हातात राहिला नव्हता, आणि मागायचं तर मेयोचा माणूस जन्मात मागणार नाही. म्हणून जिंकत होता. मंगळवारसाठी आठवडाभर तयारी करत असेल. आणि मी — चिडत होतो!

हात वाचला याचे आभार मानायला देव आहे. हरलो याचे कुणाचे मानू?

८ जून, मंगळवार

फिन्टनला भिंतीशी यायला वेळ लागला. मी थांबलो. मग म्हटलं — आजच्या तारखेला यांकीजनी मँटलच्या जर्सीचा सात नंबर कायमचा निवृत्त केला. १९६८.

एकोणसत्तर. मला झोपेतही येतं.

 तो सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाला, "सिक्स्टी-नाइन, प्रोफेसर. अँड यू नो इट."

मी म्हटलं, चुकलो. आणि त्याचा बिन आणायला गेलो.